शालिक मिस्त्रीचा कान

बुलढाण्यात आमच्या गल्लीच्या मागं कुणाचं ना कुणाचं झाड पडतच असतं. घर वाढवायचं म्हणून, तारांना अडतं म्हणून, नुसता पाला पडतो म्हणूनसुद्धा. झाडं कापायची चेनवाली मशीन सुरू झाली की शेजारच्या वहिनी धडाधड खिडक्या लावून घेतात. "डोकं उठवलं मेल्यांनी," म्हणतात. मी खिडकी उघडते. मशीन भरून बोलते आहे की फाटून, एवढं मला ऐकायचं असतं. ते कळेपर्यंत हातातली पोळी तव्यावर करपली तरी चालते. वहिनींना वाटतं, निवृत्तीनंतर बाईंचं काहीतरी बिनसलंय. तसं काही नाही. ही खोड आहे, आणि ती मला देऊळघाटच्या शालिक मिस्त्रीनं लावली.

देऊळघाटच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकोणीस वर्षं काढली. शिकवलं असं म्हणायला पाहिजे, पण खरं सांगते, काढलीच. सकाळी बुलढाण्याहून मोपेडवर निघायचं, दिवसभर पोरं, खिचडी, वरून आलेले फॉर्म, ते भरून वर पाठवले की पुन्हा तेच फॉर्म, आणि संध्याकाळी परत. त्या जाण्यायेण्यात शाळेच्या अलीकडे, फाट्यावर, शालिकचं गॅरेज लागायचं. चार लाकडी खांब, वर पत्रे, खाली तेल पिऊन काळी झालेली माती. त्यात तो रस्त्याकडे पाठ करून बसायचा. एरवी दुकानदार गिऱ्हाइकाकडे तोंड करून बसतो. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "पाहाचं काय हाय बाई? येनारा आपला आवाज घेऊनच येते."

आणि खरंच यायचा. नाल्यावरची मोरी ओलांडली की माझी मोपेड त्याला कळायची. तिथून त्याचं शेड चांगलं शंभर पावलं लांब. मी थांबायच्या आत, मान न वळवता, तो सांगायचा, "बाई, आज गाडी मांगून बोलून राह्यली. सायलेन्सरले तडा हाय." मी म्हणायची, मला तर ब्रेकचा त्रास वाटतो. "तुमाले वाटते," तो म्हणायचा, आणि वाकून हात लावायचा तर तडा तिथंच. कुणी हॉर्न वाजवला की मात्र भडकायचा. "काऊन वाजवतं बे? मी बहिरा हाओ का?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता आठवू नये म्हटलं तरी आठवतं.

माणूस बारीक, काटक, उन्हानं रापलेला. उजवा खांदा जरा वर, कारण सदा डोकं त्या बाजूला कललेलं. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. तेवढा वेळ कुणी बोललेलं त्याला खपायचं नाही. सरपंच आले तरी हातानंच थांबा म्हणायचा. मग डोळे उघडून निकाल. त्याचे शब्द ठरलेले होते. इंजिन भरून बोलते, फाटून बोलते, खोकते, कोरडं बोलते, रडते. भरून बोलते म्हणजे सगळं ठीक. खोकते म्हणजे पेट्रोल जास्त झालं. फाटून बोलते म्हणजे कुठून तरी हवा ओढते आहे. दुरुस्ती झाली की "झालं" असं त्यानं कधी म्हटलं नाही. पेचकस काढायचा, चिंधीला पुसायचा आणि म्हणायचा, "बोलली." बस. मग तुम्ही जावं.

मला हे शब्द त्यानं मुद्दाम शिकवले. मी थांबले की तो माझी परीक्षा घ्यायचा. "सांगा बाई, हे काय म्हनते?" मी जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेली, आणि त्या पत्र्याखाली हातात पर्स धरून उभी राहून उत्तर शोधायची. चुकले की तो असा खूश व्हायचा की विचारू नका. बरोबर आलं की म्हणायचा, "अर्धे मार्क."

एकदा शाळेत पालकसभा होती. शालिकची मुलगी तेव्हा माझ्या वर्गात सातवीला. शालिक मागच्या बाकावर बसलेला. मुख्याध्यापक स्वच्छतेवर बोलत होते, बोलत होते, बोलतच होते. मधेच शालिक उठून उभा. आम्हाला वाटलं, काही शंका आहे. "सर, तुमच्या बोअरची मोटर आठ दिवसात जाते," म्हणाला. मोटर शाळेच्या मागच्या बाजूला, तिचा आवाज आमच्यापैकी कुणाला येतसुद्धा नव्हता. सर चिडले. मोटर अकराव्या दिवशी गेली. सगळं गाव कौतुक करत होतं, हा मात्र तोंड पाडून बसलेला. "तीन दिस चुकलो," म्हणाला. त्याची बायको विमल शाळेशेजारच्या अंगणवाडीत मदतनीस होती. ती मला म्हणाली, "बाई, दोन दिस झाले, धड जेवून नाई राह्यले. मोटर लवकर काऊन नाई गेली म्हून."

त्याची आणखी एक तऱ्हा सांगते, कारण पुढं तिचं काम आहे. जुने सुटे भाग तो फेकत नसे. पिस्टन, सिलिंडर, क्लच, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या डब्यांत ठेवायचा आणि डब्यावर खडूनं गाडीचं नाव न लिहिता गाडीवाल्याचं नाव लिहायचा. "पोस्टमन." "कंपाउंडर." "पाटील थोरले." माझी पहिली मोपेड तेरा वर्षं ओढून शेवटी मेली, तेव्हा तिचे भाग "बाई" नावाच्या डब्यात गेले. मला ते बघून कसंसंच झालं होतं. मी मेल्यावर कुणी एवढ्या व्यवस्थित ठेवेल असं काही वाटत नाही.

मग माझ्या मोपेडसारख्या टू-स्ट्रोक गाड्या गेल्या. एकदम नाही, हळूहळू गेल्या, आणि एक दिवस लक्षात आलं की रस्त्यावर एकही नाही. नव्या गाड्या बिघडल्या की त्यांचे दिवे लागतात, त्या सर्व्हिसिंगला शहरात जातात, तिथं वायर जोडून पडद्यावर बिघाड दिसतो. शालिकच्या शेडात पंक्चरं येऊ लागली. पंक्चरला कान लागत नाही, पाण्याचं घमेलं लागतं. मी नवी स्कूटर घेतली, तीही तो मोरीवरूनच ओळखायचा, पण त्यात त्याला गंमत वाटत नव्हती. "सगळ्या एकाच गळ्याच्या हायेत," म्हणायचा. दुपारी बघावं तर शेडात नुसता बसलेला असायचा, रस्त्याकडे पाठ, डोकं कललेलं, आणि समोर काहीच नाही. मला फार वाईट वाटायचं. मी थांबायची नाही त्या दिवशी. 

एका मे महिन्यात वादळ झालं आणि शाळेच्या आवारातली चिंच पडली, थेट खिचडीच्या शेडवर. सुट्टी होती म्हणून बरं, आत कुणी नव्हतं. मला आपली सर्वेक्षणाची ड्यूटी, म्हणून मी तिथं. झाड कापायला विमलचा भाऊ अंबादास आला. हा गावोगाव झाडं कापायची कामं करणारा, अंगानं भरलेला, बोलायला गोड. त्याच्याकडं लहान मशीन होती. फांद्या तिनं भराभर उडवल्या, पण बुंध्यात गेली की गुदमरायची, धूर सोडायची आणि बंद. चिंचेचं लाकूड म्हणजे काय ते कापणाऱ्यालाच माहीत. तिसऱ्या दिवशी मशीन जळाली. अंबादास बुंध्यावर बसून राहिला. "बाई, हे नेहमीचंच हाय," म्हणाला. "फांद्या माह्या, बुंधे दुसऱ्याचे. मोठी मशीनवाले भाहेरून येतेत आन बुंधा घेऊन जातेत. मी आपला पाचोळा झाडतो."

शालिक तीन दिवस कुंपणाला टेकून हे ऐकत होता. बघत होता असं मी म्हणत नाही. मशीन जळाल्यावर आत आला, ती उचलली, नाकाशी नेली, खाली ठेवली. "याच्यात जीवच नाई," म्हणाला. "याच्या चौपट जीव माह्या डब्याईत पडून हाय."

पावसाळाभर त्याचं तेच चाललं. पोस्टमनच्या फटफटीचं सिलिंडर, कंपाउंडरचा पिस्टन. इंजिनाच्या खोक्यातला गिअरचा भाग करवतीनं कापून टाकला, उघडी बाजू पत्रा लावून बुलढाण्याहून वेल्डिंग करून आणली. मोपेडला असतो तो आपोआप धरणारा क्लच हवा होता, वेग वाढला की धरतो, कमी झाला की सोडतो. तो माझा. माझा म्हणजे "बाई" डब्यातला. पुढं हातभर लांब पट्टी आणि तिच्यावर चेन. वजन एवढं झालं की उचलताना अंबादाससुद्धा "आई गं" म्हणाला. मी येता-जाता बघायची. शालिकच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांनी रंग आला होता. शेडापाशी मी मुद्दाम स्कूटर बंद करायची, म्हणजे तो बोलेल.

पहिल्या दिवशी मशीन सुरू झाली तेव्हा पोळ्याचे बैल बुजले, इतकं सांगितलं तरी पुरे. आडवा पडलेला ओंडका तिनं लोण्यासारखा कापला. लोक टाळ्या पिटायला लागले. मग अंबादासनं उभं झाड पाडतात तशी ती कुशीवर वळवली, आणि बंद. पुन्हा सरळ केली, चालू. कुशीवर, बंद. अंबादास हसून म्हणाला, "भाऊजी, तुमची मशीन बसल्या बसल्या काम करते. निजली का मेली!"

शालिक हसला नाही. त्याला कारण तिथंच कळलं होतं. फटफटी कधी कुशीवर चालत नाही. तिच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची छोटी वाटी असते, वाटी आडवी झाली की सगळं सांडलं. दुसरा कुणी असता तर बाजारातून मशीनचाच कार्बोरेटर आणून लावला असता. मी तसं सुचवलंही. "मंग माहं काय राह्यलं त्यात?" म्हणाला. तीन आठवडे मशीन पोत्याखाली पडून होती. एक दिवस विमल विहिरीवरून बादली आणत होती. चालताना तिचा हात पुढे-मागे होत होता, कडी तिरकी होत होती, आणि बादली आपली सरळच्या सरळ. शालिक उठला आणि तिला म्हणाला, "थांब. पुन्हा चाल." त्या बिचारीला त्यानं चार वेळा शेडासमोरून भरल्या बादलीनिशी चालवलं. पाचव्या वेळी तिनं बादली त्याच्या पायाशी आदळली.

त्यानं कार्बोरेटरला मान करून दिली. कड्यात कडं, मधे चामड्याचा वॉशर. मशीन कशीही वळवा, कार्बोरेटर आपला सरळ उभा. आता ती कुशीवरही चालू लागली. पण मान आली तशी तिच्यातून हवा ओढली जाऊ लागली. वॉशर जरा घासला की हवा आत, हवा आत गेली की इंजिन फाटून बोलणार, आणि तसंच चालू ठेवलं तर गरम होऊन पिस्टन जागच्या जागी धरणार. झाड अर्धं कापलेलं, माणूस खाली उभा, आणि मशीन बुंध्यात अडकलेली. म्हणजे अंबादासचा जीव त्या एका स्क्रूवर. तो स्क्रू पाव आटा इकडे की तिकडे, हे फक्त कानाला कळायचं. फक्त शालिकच्या. म्हणून दर चार-आठ दिवसांनी अंबादास मशीन घेऊन यायचा, शालिक ती पूर्ण वेगानं चालू सोडायचा आणि तिच्याजवळ डोकं नेऊन स्क्रू फिरवायचा, तास तास. सायलेन्सरच्या आतली जाळी त्यानं काढून टाकलेली, ती ताकद खाते म्हणून. नळीचं तोंड उजवीकडे, त्याच्या कानाच्या बाजूला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्यावर आमच्या आवारातला तो चिंचेचा बुंधा त्या मशीननं कापला. प्रार्थना सुरू होताना लावली, आणि "बसा" म्हणेपर्यंत बुंध्याचे दोन भाग. प्रार्थना कुणाला ऐकू गेली नाही ते सोडा. सगळी शाळा कानात बोटं घालून उभी, मास्तर, बायका, मी. बोटं न घातलेला एकच माणूस, तो मशीनच्या पार जवळ वाकून उभा होता, डोळे मिटून. अंबादासला त्या दिवसापासून बुंध्यांची कामं मिळू लागली. त्यानं घराला पत्रे घातले, बायकोला मिक्सर आणला. तो मला पेढे द्यायला आला तेव्हा मी म्हटलं, "पेढे ठीक आहेत, तुझ्या भाऊजीच्या कानात काहीतरी घाल." त्याला वाटलं मी थट्टा करते.

मी बाजारातून कापूस नेऊन दिला. शालिकनं त्यानं प्लग पुसला. मी कान झाकायचे ते जाडे गोल मागवले, ते त्यानं खिळ्याला अडकवले. मी ओरडले. मला ओरडायची सवयच आहे. तो शांतपणे म्हणाला, "कान झाकून मशीन कशी लावू बाई? तुमी डोये झाकून फळ्यावर लिहान का?"

मी ते गोल खिळ्यावरून काढले आणि अंबादासला देऊन टाकले.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी एक दिवस मी शाळेतून लवकर निघाले होते, बुलढाण्याला काम होतं. शाळेकडून उलट येताना पाहिलं, शालिक शेडात, पाठ रस्त्याकडे, कानस चालवत बसलेला. मी सवयीनं वेग कमी केला. त्याचं "बाई" ऐकायला. तो काही बोलला नाही. मी शेडासमोर येऊन थांबले. इंजिन चालूच ठेवलं. तो कानस चालवत होता. मी इंजिन जरा वाढवलं. पुन्हा वाढवलं. मग, देवाशपथ सांगते, इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं, हॉर्न वाजवला. कानस चालतच राहिली.

आत विमल उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. बाहेर येऊन हळूच म्हणाली, अर्थात हळू बोलायची काही गरज नव्हती, "दोन महिने झाले बाई. घरात टीव्ही चालू हाय का बंद, त्याईले समजत नाई. कोनाले सांगू नका म्हने." माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्याचा असा संताप आला की मी जाऊन त्याच्या खांद्यावर चापटच मारली. तो दचकून वळला. मला बघून आधी हसला, मग माझ्यामागं फुरफुरणारी स्कूटर बघितली, आणि हसू गेलं.

"सांगितलं होतं ना मी!" मी जीव खाऊन ओरडले. समोर ओरडलेलं त्याला तेव्हा थोडं ऐकू यायचं. "कान होता तुमच्याकडं, शालिकभाऊ. जिल्ह्यात नव्हता कुणाकडं. तो त्या मशीनला घातलात!"

त्यानं कानस खाली ठेवली. "मंग त्या कानाले दुसरं काय काम होतं बाई?" म्हणाला. "चार वर्सं रिकामाच बसून होता."

मी त्याला बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. विमल आणि मी काचेबाहेर बसलो. आत त्याच्या डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. डॉक्टर खुंटी फिरवत होते. शालिकनं डोकं उजव्या खांद्याकडे कलवलं, डोळे मिटले. अगदी तसंच, इंजिनावर पेचकस टेकवल्यावर बसायचा तसं. डॉक्टर खुंटी फिरवत गेले, फिरवत गेले. शालिकचा अंगठा बटणावर तयार. एकदाही दाबला नाही. शेवटी त्यानं डोळे उघडून डॉक्टरांना विचारलं, "चालू करता ना?"

नस गेली म्हणाले. परत येत नाही. कानात घालायचं यंत्र दिलं. महिनाभर घातलं त्यानं. मी विचारलं, वहीवर लिहून, कसं काय? म्हणाला, "सगळ्या गाड्या टिनाच्या डब्यात टाकल्यासारख्या. भरून बी नाई, फाटून बी नाई. नुसतं वाजते." नंतर मी गेले तेव्हा कान रिकामा. मांडणीवर नवा डबा दिसला. खडूनं लिहिलेलं, "शालिक." मी उघडून बघितला. यंत्र वर्तमानपत्रात नीट गुंडाळून ठेवलेलं.

त्यानंतर वर्षभरात मी निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. घरी येऊन झोपले ती दोन दिवस. देऊळघाटला जायचं कारण उरलं नाही, आणि खरं तर मला जायचंही नव्हतं. मी थकले होते. दुसऱ्याच्या दुःखाला उभं राहायचं म्हटलं तरी पायात बळ लागतं.

एक दिवस विमलचा फोन आला. "बाई, येता का एक डाव? त्याईनं बलावलं. लेकीकडं जालन्याले चाललो आमी आता, कायमचे. जायच्या आंधी मशीन लावून देतो म्हनतेत अंबादासले. पन कोनाचंच ऐकून नाई राह्यले." ऐकत नाहीत म्हणजे काय, मी विचारलं. तर म्हणे, नवा वॉशर बसवला, आता स्क्रू लावायचा. शालिकनं पेचकस दातात धरून बघितला, छातीला लावून बघितला. घरघर कळते, फाटणं कळत नाही. विमलला विचारावं तर तिला सगळं सारखंच. अंबादासला विचारावं तर तो दर वेळी "झकास" म्हणतो, भाऊजीला वाईट वाटू नये म्हणून. दोन दिवस असंच. शेवटी शालिक म्हणाला, "बाईले बलाव. थ्या मार्क कमी देतात."

मी गेले. काळी-पिवळी जीपमध्ये अंग चेपून घेत, गुडघे धरून.

शेड अर्धं उतरवलेलं होतं. डबे पोत्यात भरलेले. शालिक रस्त्याकडे तोंड करून बसला होता.  मला लांबूनच बघून उठला, हात जोडले आणि स्टूल पुसून मशीनशेजारी ठेवलं. मी कापूस नेला होता तो पर्समध्येच राहू दिला. अंबादासनं दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला मशीन उठली, आणि तो आवाज माझ्या दातांपर्यंत गेला. अंबादासच्या कानावर ते जाडे गोल होते, तेवढं बरं झालं. शालिक समोर उकिडवा बसला, पेचकस स्क्रूवर ठेवला आणि माझ्याकडे बघू लागला.

फाटत होती. स्वच्छ कळत होतं, पोरगं खोटं बोलताना कळतं तसं. मी मान हलवली, नाही. त्यानं थोडं फिरवलं. अजून फाटतेय. मी पुन्हा नाही म्हटलं. अंबादास माझ्याकडे आशेनं बघत होता, पुरे म्हणा आता, असं. पुरे कसं म्हणू? उद्या हाच त्या झाडाखाली उभा राहणार. शालिकनं पुन्हा फिरवलं. आता खोकायला लागली. मी हातानं मागं दाखवलं. आता फाटणं आणि खोकणं यांच्या मधली ती जागा, अगदी अरुंद. मला ती नीट ऐकू यावी, काही चूक होऊ नये, म्हणून मी डोकं कलवलं आणि डोळे मिटून घेतले.

गुडघ्यावर थाप बसली. डोळे उघडले तर शालिक पुढं वाकून माझ्या तोंडाकडे बघत होता. मशीनच्या वरताण ओरडून म्हणाला, "डोये झाकू नका, बाई! मंग मले काय दिसन?"

मी डोळे उघडे ठेवले. धूर जात होता, पाणी येत होतं, तरी ठेवले. तो माझ्या चेहऱ्यावरची नजर न काढता बोटांनी स्क्रू फिरवत होता, केसाएवढा, मग अजून केसाएवढा. आणि एका क्षणी आवाज भरला. गळ्यापासून खालपर्यंत भरला. मी अजून मान डोलावलेली नव्हती, हात उचललेला नव्हता. त्याच्या आधीच त्यानं पेचकस काढला आणि चिंधीला पुसला.

"बोलली ना?" त्यानं विचारलं. हे त्यानं आजवर कधी विचारलं नव्हतं.

"हाव," मी म्हणाले. मग लक्षात आलं, आणि मी मान डोलावली.